विद्यापीठाच्या भिंतीला एक भोक

त्या माणसाचं खरं नाव त्याच्या बायकोला आणि वीजबिलाला सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. बाकी सगळे त्याला 'इंडस्ट्री' म्हणायचे. "इंडस्ट्री, माझा कोट झाला का?" "इंडस्ट्री, शनिवारपर्यंत चार शर्ट हं!" असं डॉक्टरेट केलेली माणसं फुटपाथवरून ओरडायची, आणि इंडस्ट्री इस्त्रीवरून मान वर न करता म्हणायचा, "झालाय सर, पावती काढून ठेवा." होती ती लाँड्री. विद्यापीठाच्या फाटकाला लागून, विद्यापीठाच्याच कुंपणभिंतीला पाठ टेकून पाच गाळे होते, त्यांतला मधला ह्याचा. डाव्या हाताला झेरॉक्सवाला, उजव्या हाताला चष्मेवाला, पुढे रस्ता आणि मागे ज्ञान.

ह्या नावाला कारण त्याच्या वडिलांची हौस. वडिलांनी तीन इस्त्र्यांवर धंदा सुरू केला, पण पाटी रंगवताना नावाच्या शेवटी 'इंडस्ट्रीज' घालून घेतलं, का तर रंगारी म्हणाला पाटीवर जागा उरतेय. नोंदणी तशीच झाली आणि गोल रबरी शिक्काही तसाच बनला. मधोमध कपड्याचा हँगर, भोवती गोल फिरणारी अक्षरं. पुढे वडील गेले, इस्त्र्या बदलल्या, ड्रायक्लीनिंगचं मशीन आलं, शिक्का मात्र तोच राहिला.

आता शाई आणि लाँड्री म्हणजे साप-मुंगसाचं नातं. एकदा शिक्क्याची डबी काउंटरवर लवंडली आणि एका गिऱ्हाइकाच्या लग्नाच्या सुटाचं वाटोळं झालं. तेव्हापासून शिक्का आणि शाई मागच्या खोलीत, बायकोच्या टेबलावर. कागद आला की हा पुढे सही करणार, हात मागे लांबवून "शिक्का मार गं" म्हणणार, आणि ती आतून शिक्का मारून कागद परत देणार. बावीस वर्षं असंच चाललं होतं. कागद वाचायचं काम दोघांपैकी कुणाचं, हे मात्र कधी ठरलंच नव्हतं.

आणि मग विद्यापीठात नवोन्मेष आला. सरकारने निधी काढला: विद्यापीठं आणि उद्योग ह्यांनी हातात हात घालून काहीतरी नवं करावं, त्यासाठी अनुदान. कल्पना चांगली. कल्पना नेहमीच चांगली असते हो. अट एवढीच, की अर्जावर उद्योग भागीदाराची सही आणि शिक्का पाहिजे. मोठ्या कारखान्याकडे जावं तर त्यांचा वकील तीन महिने कागद चाळत बसणार, आणि आपले प्राध्यापक अर्ज भरायला बसणार शेवटच्या दिवशी जेवण झाल्यावर. अशाच एका शेवटच्या दिवशी, सव्वाचार वाजता, एक प्राध्यापक घाम पुसत कोट न्यायला आले. मुदत पाचची. पावतीवरचा शिक्का त्यांनी पाहिला आणि पाहतच राहिले.

"तुम्ही इंडस्ट्री आहात?"

"पाटीवर तरी तसं आहे," हा म्हणाला.

"मग इथे एक सही करा ना."

गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही, हे वडिलांनी शिकवलं होतं. ते इस्त्रीबद्दल शिकवलं होतं, पण तेवढा फरक कोण करतो? त्याने सही केली, हात मागे लांबवला, शिक्का उमटला, आणि पाच वाजायच्या आत अर्ज पोचला.

त्या अर्जाला निधी मिळाला आणि बातमी विभागाविभागांतून फिरली. फाटकाबाहेर इंडस्ट्री आहे, वकील नाही, प्रश्न नाहीत, दोन मिनिटांत शिक्का! मग काय, गुळाला मुंगळे. पाच वर्षांत ह्या बाबाच्या नावावर अकरा भागीदाऱ्या जमा झाल्या. सांडपाण्यात तो, हुशार धाग्यांत तो, यंत्रमानवाच्या बोटांत तो. चंद्रावरच्या धुळीचं काय करायचं, ह्या प्रकल्पातसुद्धा 'उद्योगाचा प्रदीर्घ अनुभव' म्हणून ह्याचीच सही; निदान धुळीशी त्याचा संबंध तरी होता. एका वार्षिक अहवालात छापून आलं, की परिसरातल्या उद्योगजगताचा सहभाग पाच वर्षांत अकरा पटींनी वाढला. परिसरातलं ते सगळं उद्योगजगत त्या वेळी काउंटरखाली गुडघ्यांवर बसून कुणाच्या तरी कोटाचं बटण शोधत होतं.

त्याला ह्यातून काय मिळायचं? प्रमाणपत्रं मिळायची. वर्षातून एकदा सभागृहात नेऊन गळ्यात फीत अडकवायचे आणि पहिल्या रांगेत बसवायचे. आणि तो फुलून जायचा, हे लपवण्यात काही अर्थ नाही. लहानपणीच शाळा सुटलेला माणूस. त्याच्या खांद्यावर हात ठेवून मोठमोठे प्राध्यापक "हे आमचे भागीदार" म्हणत होते. घरी येऊन तो ती फीत दोन-दोन दिवस गळ्यातून काढायचा नाही. बायको म्हणायची, "अहो, इस्त्रीला अडकेल ती." तेव्हा कुठे काढायचा.

आणि ही बायको मागच्या खोलीत खोकत होती.

ती डागांतली डॉक्टर होती. कॉलर उजेडात धरून सांगायची, हा चहा नाही, हे खोकल्याचं औषध. हा रंग नाही, ही लिपस्टिक, आणि साहेबांच्या घरच्या बाई तर ही लावत नाहीत. पण ह्या कानाचं त्या कानाला कळू द्यायची नाही. डाग काढायची आणि कपडा हँगरला लावायची. तिची खोली आठ बाय दहा, खिडकी नाही. दोन बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, पाठीमागे विद्यापीठाची. तिथेच ते ड्रायक्लीनिंगचं मशीन आणि त्यात घालायचं द्रावण. गोडसर वासाचं, डोक्यात चढणारं. सुरुवातीला नुसतं डोकं दुखायचं. मग खोकला लागला, तो काही गेला नाही. मग दोन पिशव्या उचलून जिना चढली की मधल्या पायरीवर टेकायला लागली.

डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, नळीत फुंकायला लावलं आणि म्हणाले, "जागा बदला, नाहीतर हवा बदला." ह्याने आधी माणूस बदलून पाहिला. तो स्वतः मागे बसला आणि तिला काउंटरवर बसवलं. तिसऱ्याच दिवशी एका बाईंचा पांढराशुभ्र कोट हिरवा झाला, चौथ्या दिवशी एका मौल्यवान शालीचं पोतेरं झालं. आठवड्याने ती उठून परत मागे गेली. जागा बदलणं ऐपतीबाहेर होतं. राहिली हवा. त्यासाठी मागच्या भिंतीत ताटाएवढं भोक पाडून आतली हवा बाहेर फेकणारा पंखा बसवायचा, बस्स! पंखा ह्याने दुसऱ्या दिवशीच आणला. भोक काही मिळेना.

कारण भिंत विद्यापीठाची. विद्यापीठाच्या मालमत्ता विभागात एक साहेब होते, त्यांना सगळे भिंतसाहेब म्हणत. त्यांच्याकडे अर्ज केला. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं म्हणतात. इथे फाइल वर्षामागून वर्ष फिरत राहिली. कधी नकाशा जोडा, कधी नकाशा जुना झाला, नवा जोडा. एकदा शेरा आला, की भोकामुळे भिंतीच्या सौंदर्याला बाधा येते. भिंतीपलीकडे काय होतं म्हणाल, तर वर्गांतून टाकून दिलेल्या मोडक्या खुर्च्यांचा ढीग आणि त्यावर माजलेलं रान. त्या खुर्च्यांना वास आला असता!

आपल्या भागीदारांना तो सांगायचा. सह्या करता करता सांगायचा. "मी बोलतो ना भिंतसाहेबांशी," असं दहाच्या दहा जण म्हणाले. एकदा धीर करून त्याने विचारलंच, की सर, इतका निधी येतो, त्यातून आमच्या भोकाचं काही जमेल का? ते सर मनाने चांगले होते. त्यांनी चष्मा काढून त्याला नीट समजावून सांगितलं.

"हे बघा इंडस्ट्री, निधी मिळतो तो न सुटलेल्या प्रश्नाला. तुमचा प्रश्न सुटलेला आहे. भोक पाडायचं, पंखा लावायचा. ह्यात नावीन्य काय?"

"पण सर, माझ्याकडे कुठे सुटलाय?"

"जगात सुटलाय ना. तुमच्याकडे सुटला नाही, ही वेगळी गोष्ट."

हा घरी येऊन बायकोला म्हणाला, "आपला प्रश्न सुटलेला आहे म्हणे." ती म्हणाली, "मला कुणी कळवलं नाही."

अशात प्रकल्पसर आले. त्यांना सगळे प्रकल्पसरच म्हणत, कारण एक प्रकल्प संपायच्या आत त्यांचा दुसरा सुरू झालेला असायचा. बोलणं गोड, चाल घाईची, आणि शर्टाला खिशाजवळ कायम पेनाचा डाग, तो काढून काढून ही बाई थकली होती. भागीदारी नंबर अकरा त्यांची. पण त्यांच्याबद्दल एक सांगायला हवं: मागच्या खोलीत पाऊल टाकणारे ते पहिले प्राध्यापक. नाकाला रुमाल लावून ते आत उभे राहिले आणि म्हणाले, "अरे बापरे, हे तर फार गंभीर आहे!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वासाने आलं की बोलण्याने, कोण जाणे.

"वहिनी, आता अजिबात काळजी करू नका," ते म्हणाले. "कुठलाही प्रश्न सुटायचा तर आधी तो मोजावा लागतो."

आठवड्याभरात तिच्या डोक्यावर भिंतीला एक पांढरी पेटी बसली. तिच्यावर आकडे आणि एक दिवा. हवा चांगली असली की हिरवा, बरी असली की पिवळा, वाईट असली की लाल. प्रकल्पाचं नाव तीन ओळींचं होतं, त्यात 'श्वसनयोग्य' असा एक शब्द होता तेवढा तिच्या लक्षात राहिला. सकाळी नऊला मशीन सुरू झालं की दिवा लाल व्हायचा, तो दुकान बंद होईपर्यंत लाल. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला म्हणतात ना, तसं खोकत होती ती, आणि तपासणी चालली होती भिंतीची.

"हिरवा कधी होतो हो हा?" तिने एकदा विचारलं.

"होतो की. रविवारी होतो," प्रकल्पसर म्हणाले. रविवारी दुकान बंद असायचं.

दर महिन्याला ते यायचे, पेटीतले आकडे उतरवून घ्यायचे आणि खूश होऊन जायचे. "वा! काय डेटा आहे! परदेशातसुद्धा असा अखंड डेटा मिळत नाही कुणाला." ही दोघं एकमेकांकडे बघायची. आपल्याकडचं काहीतरी परदेशातसुद्धा मिळत नाही, ह्याचा ह्याला जरासा अभिमानच वाटायचा, हे त्याने नंतर स्वतःच कबूल केलं. जाताना तो दरवेळी विचारायचा, "सर, तेवढं भोकाचं?" आणि प्रकल्पसर म्हणायचे, "मालमत्ता विभागाला मी स्वतः पत्र दिलंय." दहा जणांनी नुसतं बोलतो म्हटलं, ह्या माणसाने पत्र दिलं! त्या आनंदात ह्याने त्यांच्या कोटाच्या इस्त्रीचे पैसे घेणं बंद केलं.

मग निधी देणाऱ्यांची समिती पाहणीला यायची ठरली. प्रकल्पसरांनी ह्याला एक वाक्य पाठ करायला दिलं: "ह्या भागीदारीमुळे आमच्या उद्योगाची स्पर्धात्मक क्षमता वाढली." आठ दिवस तो इस्त्री फिरवता फिरवता ते घोकत होता. 'स्पर्धात्मक'पाशी जीभ अडायची. गिऱ्हाइकं विचारायची, काय पुटपुटताय? "परीक्षा आहे," तो सांगायचा.

समितीत तिघं होती. मुख्य एक वयस्कर बाई, हातात जाडजूड फाइल. दुसरे एक सतत फोटो काढणारे, आणि तिसरे गृहस्थ कोटाला सुरकुत्या पडल्या म्हणून अस्वस्थ. सगळे दाटीवाटीने काउंटरपुढे उभे राहिले. प्रकल्पसरांनी पेटीबद्दल दहा मिनिटं सांगितलं. मग बाई ह्याच्याकडे वळल्या.

"आणि तुम्हाला, उद्योगाला, ह्यातून काय फायदा झाला?"

त्याने हात जोडले, छाती पुढे काढली. "ह्या भागीदारीमुळे आमच्या उद्योगाची..." एवढ्यात आतून खोकला सुरू झाला. लांबलचक, थांबता थांबेना असा. फोटो काढणाऱ्याने कॅमेरा खाली घेतला. खोकला थांबला तेव्हा ह्याचं वाक्य पार पुसलं गेलं होतं. तोंडातून जे खरं होतं तेच आलं.

"मॅडम, तेवढं भोक मिळालं तर फार बरं होईल."

"कसलं भोक?"

मग त्याने सगळं सांगितलं. पंखा, भिंत, अर्ज, नकाशे, सहा वर्षं. प्रकल्पसर मधेच "ते आपण नंतर" म्हणाले, पण बाई फाइल चाळायला लागल्या होत्या. एका पानावर थांबल्या, मागचं पान पाहिलं, पुन्हा पुढे आल्या.

"अहो, पण परवानगी तर तुम्हाला मिळाली होती. चौदा महिन्यांपूर्वीच, प्रकल्पाच्या मार्फत कळवली होती. मग तुम्हीच नको म्हणालात."

"मी?"

"हे बघा ना, तुमचंच पत्र. 'प्रकल्पाच्या नोंदींत सातत्य राहावे म्हणून प्रकल्प पूर्ण होईपर्यंत दुकानाच्या मागील भिंतीत कोणताही बदल करू नये व दिलेली परवानगी स्थगित ठेवावी, ही विनंती. आपला, उद्योग भागीदार.' सही तुमची आहे ना?"

सही त्याचीच होती. खाली शिक्काही होता, गोल, ठसठशीत, मधोमध हँगर. कधी तरी पाच-सात कागदांच्या गठ्ठ्यात हाही आला असणार. प्रकल्पसरांनी खरंच पत्र दिलं होतं हो. खोटं बोलले नव्हते बिचारे.

"ती तांत्रिक बाब आहे, मॅडम," प्रकल्पसर म्हणाले. "मधेच भोक पाडलं असतं तर आकडे एकदम खाली आले असते. सगळा डेटा वाया गेला असता."

बाईंनी प्रकल्पसरांकडे पाहिलं, मग आतल्या दाराकडे पाहिलं. तिथे ही उभी होती, हातात अर्धवट डाग निघालेला ब्लाउज. बाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं, ते खरं होतं, नाही असं नाही. पण मग त्यांनी फाइल मिटली आणि म्हणाल्या, "नोंद घेते मी ह्याची." नोंद घेतली. आणखी एक नोंद. तिसऱ्या गृहस्थांनी एवढंच विचारलं, की कोटाला आत्ता उभ्या उभ्या इस्त्री मारून मिळेल का. त्याने मारून दिली. सवयीचा हात, दुसरं काय!

सगळे गेल्यावर दुकानात फक्त पेटीचा लाल दिवा आणि ही दोघं राहिली.

"तो शिक्का मीच मारला," ती म्हणाली.

"सही माझी होती."

"सही वाचून करायची असते हो."

"आणि शिक्का?"

ह्यावर ती हसली, आणि हसण्याचा खोकला झाला. तो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. त्याला लाज वाटली, इतकी की त्याला तिच्या तोंडाकडे बघवेना. प्रकल्पसरांचा राग आला, भिंतसाहेबांचा आला, पण सगळ्यात जास्त त्या फीत गळ्यात घालून पहिल्या रांगेत बसणाऱ्या माणसाचा आला. चौदा महिने! भोक मंजूर होऊन पडलं होतं आणि आपण गिऱ्हाइकाच्या कोटाला फुकट इस्त्री करत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रकल्पसर हसतमुखाने हजर. समिती भलतीच खूश झाली होती. प्रकल्पाला आणखी एक वर्ष वाढवून मिळालं होतं. "अभिनंदन, इंडस्ट्री! इथे फक्त एक सही. आणि भोकाचं मनाला लावून घेऊ नका, हे वर्ष संपलं की पहिलं काम तेच." त्यांनी कागद काउंटरवर ठेवला, आणि सांगायला वाईट वाटतं, पण ह्याचा हात आपसूक पेनाकडे गेला. पेनाला बोटं लागायच्या आत ती मागून आली आणि तिने कागद उचलला.

"मी वाचते आधी."

"अहो वहिनी, नेहमीचाच मजकूर आहे."

"नेहमीचाच म्हणून तर वाचते."

ती स्टुलावर बसली आणि वाचायला लागली. सात पानं होती. प्रत्येक ओळीखाली बोट. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली, प्रकल्पसरांनी तीनदा घड्याळ पाहिलं, झेरॉक्सवाला काय चाललंय म्हणून डोकावून गेला. ती वाचतच होती. शेवटी तिने मान वर केली.

"सर, ह्यात मी कुठे आहे?"

"म्हणजे?"

"दुकान आहे, भिंत आहे, मशीन आहे, हवा आहे. पेटीचं तर अर्धं पान आहे. मी कुठे आहे?"

प्रकल्पसरांनी पुढे वाकून पाचव्या पानावर बोट ठेवलं. "ही बघा ना. 'खोलीत उपस्थित व्यक्ती: एक.' ही एक म्हणजे तुम्हीच. तुमच्याशिवाय हा प्रकल्प उभाच राहिला नसता, वहिनी!" त्यांना ते मनापासून कौतुक वाटत होतं.

"असं होय," ती म्हणाली. तिने कागदाची घडी नीट जुळवली आणि त्यांच्या हातात दिली. "मग त्या एकीला विचारायचं होतं. ती एक नको म्हणतेय."

प्रकल्पसर ह्याच्याकडे बघायला लागले. पुरुष माणूस आहे, भागीदार आहे, काही समजूत घालेल. ह्याने पेन खिशात ठेवलं आणि शटर अर्धं खाली ओढलं. मग शेजाऱ्याकडून छिन्नी-हातोडा मागून आणला आणि मागच्या खोलीत गेला. अर्ज नाही, नकाशा नाही, काही नाही. पहिला घाव बिचकत घातला, तो नुसता चुन्यावर घसरला. त्याने आयुष्यात रस्त्यावर कागदाचा कपटासुद्धा टाकला नव्हता. दुसरा घाव बरा बसला. तासाभरात पहिली वीट पलीकडे पडली, ती नेमकी एका मोडक्या खुर्चीवर. दोन वाजेपर्यंत पंखा लागला आणि गरगरायला लागला. पेटीतला दिवा लालाचा पिवळा झाला आणि थोड्या वेळाने, भर कामाच्या दिवशी, मशीन सुरू असताना, हिरवा झाला.

पाचव्या मिनिटाला प्रकल्पसर धावत आले. पेटीतले आकडे त्यांना फोनवर दिसायचे म्हणे. एरवी खोकला नव्हता दिसत, तो भाग वेगळा. "काय केलंत हे? माझे आकडे पडले!" त्यांच्या मागून भिंतसाहेब, दोन पहारेकरी घेऊन: "आमच्या भिंतीला हात लावलात?" हा चुन्याने पांढरा होऊन उभा होता. "लेखी द्या," तो म्हणाला. "आता वाचतो आम्ही."

लेखी आलं. दंडाची नोटीस आली, तो हप्त्याने फेडतोय. प्रकल्पाच्या अंतिम अहवालात 'उद्योग भागीदाराचे असहकार्य' असा शेरा पडला. अकराही विभागांनी ह्याच्याशी संबंध तोडले; कोट मात्र इथेच टाकतात, कारण डाग काढणारं दुसरं कुणी नाही. नवोन्मेषाचं म्हणाल तर काही अडलं नाही. पुढच्या मुदतीच्या दिवशी सव्वाचार वाजता चष्मेवाल्याकडे रांग लागली. त्याच्या पाटीवर 'ऑप्टिकल सिस्टिम्स' असं आहे, आणि त्याचा शिक्का चौकोनी आहे. परिसरातलं उद्योगजगत एक गाळा उजवीकडे सरकलं, एवढंच.

महिन्याभराने दोघं डॉक्टरांकडे गेली. तिने नळीत फुंकलं. डॉक्टरांनी आकडा पाहिला, जुना कागद काढून त्यावरचा आकडा पाहिला. "पुढचं थांबेल आता," ते म्हणाले. "गेलं ते मात्र येत नाही. वर्षभर आधी केलं असतंत तर..." आणि ते औषध लिहायला लागले.

परत आल्यावर ती मागच्या खोलीत जाऊन आपल्या टेबलापाशी बसली. पंखा चालू होता, भोकातून पलीकडचं रान दिसत होतं, आणि पुढच्या दारातून येणारी हवा तिच्या अंगावरून जात होती. हा दारात उभा राहिला. जे डोळ्यांपुढे होतं तेच त्याने विचारलं.

"हवा येतेय ना गं आता?"

"येतेय की. भरपूर येतेय," ती म्हणाली. "घ्यायला आत जागा उरली नाही, एवढंच."